समायोजन

योगेंद्र कानबाईच्या सणाला चार दिवस आधीच येऊन बसला, तेव्हाच त्याच्या आईला, प्रमिलाबाईंना, काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं.

गेली पाच वर्षं कानबाईच्या रविवारी हा मुलगा कुठलं ना कुठलं विमान चालवत असायचा. फोन करायचा, 'आई, माझ्या नावाने डोकं टेकव' म्हणायचा. रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घालतात, तशी त्याचीही पडायची. त्याच्या वाटचा रोट थोरला नवल संपवायचा, कारण रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही. यंदा मात्र कॅप्टनसाहेब बायको-मुलीसकट बुधवारीच हजर. 'सुटी भेटनी का रे भाऊ?' असं आईने विचारलं तेव्हा 'भेटली' एवढंच म्हणाला आणि गोठ्यात गेला.

रविवारी सकाळी पुरण शिजत असताना त्यांनी धाकट्या सुनेला चुलीजवळ गाठलं.

"पुनम, खरं सांग माय, काय व्हयनं शे?"

"कुठे काय, आई?"

"चार दिन पासून तो म्हैससंगे बोली ऱ्हायना. ज्यानी जलममा कधी तिले पानी दाखाडं नही. मी आंधळी नही शे."

पुनम धुळ्याची, शहरात वाढलेली. सासूशी शुद्ध बोलायची आणि फारसं लपवू शकायची नाही. तिने डाळीतला पळा बाजूला ठेवला.

"आई, त्यांच्या विमानावर मोठ्या कंपनीचं नाव असतं. तिकीटही तिचंच. पण विमान चालवायचा ठेका छोट्या कंपनीकडे, आणि हे त्या छोट्या कंपनीचे नोकर. मोठीने तो ठेका काढून घेतला. ऑक्टोबरपासून दुसरीच कुणी कंपनी ही विमानं चालवणार."

"म्हंजे इमान तेच, गाव तेच, ठेकेदार दुसरा."

"हो."

"मंग चालवनारा बी तेच ठेवतीन ना?"

"ठेवतील. पण नवे म्हणून. अकरा वर्षांची नोकरी धुऊन निघाली. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, आता त्यांना परत उजवीकडे बसवणार, शिकाऊ पोरांच्या रांगेत. आणि त्या रांगेतही जो आधी सही करेल तो वर, मागून येईल तो खाली. सही फोनवरूनच करायची, आज संध्याकाळी सहापर्यंत मुदत आहे."

"मंग सही करी का त्यानी?"

"नाही ना. त्यांचे अडतीस वैमानिक आहेत. सगळ्यांनी शब्द दिलाय, की आमची जुनी यादी जशीच्या तशी मान्य केल्याशिवाय कुणी एकट्याने सही करायची नाही. सगळे थांबले तर नव्या कंपनीकडे विमानं आहेत पण माणसं नाहीत." पुनमने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आणि ही कल्पना काढली कुणी? तुमच्याच मुलाने."

"तुले काय वाटस?"

"मला वाटतं करून टाकावी. उजवी तर उजवी. सोनलची शाळा जळगावला, घर जळगावला. सही नाही केली आणि बाकीच्यांनी केली, तर ना डावी ना उजवी."

प्रमिलाबाईंनी 'कोनले सांगू नको' असं सुनेला बजावलं आणि पाचच मिनिटांत स्वतः नानांचा चहा घेऊन ओसरीवर गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि तीही दुसऱ्या दिवशी सांगून टाकली होती.

झुलाल नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. घरात अहिराणी, पण विषय गंभीर झाला की लगेच प्रमाण मराठी, तेही विरामचिन्हांसह. बायकोचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर चिंतेऐवजी एक समाधान पसरलं. त्यांना हा पेपर येत होता.

"हे समायोजन आहे," ते म्हणाले. "शाळेच्या तुकड्या कमी झाल्या की शिक्षक अतिरिक्त ठरतात. मग दुसऱ्या शाळेत त्यांचं समायोजन होतं. विमान असलं म्हणून काय झालं? नियम तोच. ज्याचं संमतिपत्र आधी, त्याला जागा आधी."

"पन त्यास्नं ठरनं शे ना, कोनी करानी नही म्हनीसन."

"ठरतं सगळ्यांचं," नाना म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "टिकत नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नानांनी योगेंद्रला बोलावून चार शब्द सांगितले असते तर बाप-लेकाची थोडी वादावादी झाली असती, कानबाईच्या दिवशी होतच असते. पण योगेंद्र आणि नवल मांडवासाठी केळीचे खांब आणायला शेतात गेले होते. आणि नानांना एकदम आठवण झाली ती भूषणची. भूषण हा धुळ्याच्या अभिमनचा मुलगा, अभिमन हा नानांचा मावसभाऊ. योगेंद्रचं बघून भूषण वैमानिक झाला, त्याच कंपनीत लागला, बरेचदा त्याच्याच शेजारी उजव्या खुर्चीत बसायचा. आपला पोरगा सुटेल आणि भावाचा अडकेल, हे नानांना बरं वाटेना. त्यांनी धुळ्याला फोन लावला.

"अभिमन, आमना योगेंद्रनी सही करी टाकी. भूषणले सांग, येळ दवडू नको."

'करणार आहे' असं म्हणायला हवं होतं. तेही खरं नव्हतंच. पण बत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला 'बहुधा' आणि 'कदाचित' हे शब्द जड जातात. दुपारी जेवताना मुलाकडून सही करवून घेऊ, मग आपलं बोलणं आपोआप खरं होईल, एवढाच त्यांचा हिशेब. सकाळचे अकरा वाजले होते. नाना शांत मनाने आंघोळीला गेले.

*

नवलने विळ्याने केळीचा एक खांब तोडला आणि योगेंद्रच्या खांद्यावर दिला. धाकट्याला ओझं उचलायची सवय राहिलेली नाही, हे त्याने पाहिलं आणि पुढचा खांब हलका बघून तोडला.

"तुन्हा फोनले काय व्हई गयं रे? कवयपासून भिरभिर करी ऱ्हायना."

योगेंद्रने खांब बांधावर ठेवून फोन काढला. एकतीस निरोप होते. पहिला होता, 'सर, इज इट ट्रू?' दुसरा, 'कॅप्टन, एक फोन तरी करायचा होता.' तिसऱ्यात नुसते हात जोडलेले. तो वाचत असतानाच भूषणचा फोन आला.

"सर, मी साडेअकराला केली सही. माझ्यानंतर अजून सहा जणांनी केली."

"का पण? काल रात्री आपलं बोलणं झालं होतं ना?"

पलीकडे भूषण गडबडला. "तुम्ही केलीत म्हणून. नानाकाकांचा बाबांना फोन आला होता, योगेंद्रने सही केली म्हणून. मी आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं. चुकलं का, सर?"

योगेंद्र बांधावर बसला. पायाखाली ओल होती, चांगली पँट होती, त्याला काही कळलं नाही. सगळं कळल्यावर नवलही शेजारी बसला.

नवलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावात लोक त्याला 'कॅप्टनचा भाऊ' म्हणत. तो थोरला, शेत त्याचं, ठिबकच्या नळ्यांपासून आईच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्याच्यावर, आणि ओळख मात्र धाकट्याच्या नावाने. भावाची नोकरी जाते आहे हे ऐकल्यावर क्षणभर त्याला बरं वाटलं. अगदी क्षणभरच. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने विळा मातीत खुपसला.

"आते?" त्याने विचारलं.

"आता काय. सात गेले. संध्याकाळपर्यंत वीस जातील. मी आत्ता सही केली तर आठवा. भूषण माझ्या वर. पुढच्या वर्षी तो डावीकडे आणि मी त्याच्या उजवीकडे."

"अन नही करी ते?"

"बाकीच्यांनी केली तर मी घरी."

"तू करी टाक, असं मी म्हननार नही," नवल म्हणाला. "दोन साल पहिले आम्ही बठ्ठा केळीवाला एक व्हयनूत. भाव मिळस नही तवलोंग कोनी घड कापाना नही. आठ दिन थांबनूत. व्यापारीसना ट्रक रिकामा उभा. नवव्या दिनले एक जननी कापी टाका. दुपारलोंग बठ्ठास्नी कापा. मी बी कापा. पडेल भावमा दिना." त्याने हात झटकले. "तो पहिला कोन, ते आजून कोनलेच माहीत नही. पन तो गावमा शे, अन त्याले माहीत शे. तू तो माणूस व्हऊ नको."

"दादा, पण मी तो माणूस झालोय. न करता."

नवलने मातीतून विळा उपसला. दोघांनी खांब उचलले आणि घरची वाट धरली. वाटेत योगेंद्रने ग्रुपवर लिहिलं, 'मी सही केलेली नाही. माझ्या वडिलांचा गैरसमज झाला.' लगेच कुणाचं तरी उत्तर आलं, की बापाच्या नावावर ढकलू नका, कॅप्टन.

*

घरात कानबाईची तयारी जोरात होती. पाटावर नारळाची कानबाई बसली होती, तिला नथ घालून झाली होती, वर करंज्यांचा फुलोरा टांगायचं काम चाललं होतं. अंगणात भाऊबंदकीतले दहा-बारा पुरुष सतरंजीवर टेकलेले. नाना मधोमध, धुतलेल्या टोपीत.

"या, कॅप्टन," कुणीतरी म्हणालं. योगेंद्रने खांब खाली ठेवला आणि सरळ वडिलांसमोर उभा राहिला.

"नाना, तुम्ही अभिमनकाकांना काय सांगितलं?"

"तुझ्या हिताचं सांगितलं. आणि भूषणच्याही हिताचं. आता आत जा, हातपाय धू आणि ती सही करून टाक. सहाला अजून तीन तास आहेत."

"माझ्या नावाने खोटं बोललात."

या घरात नानांना 'खोटं' हा शब्द कुणी ऐकवला नव्हता. प्रमिलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"त्यास्ना दोष नही. मीच सांगं त्यास्ले."

"आणि मी आईंना," पुनम मागून म्हणाली. तिच्या हातात फुलोऱ्याची करंजी तशीच होती. "नाना, तुमच्यासारखंच माझंही मत होतं. मी चार दिवस यांच्या मागे लागलेय, सही करा म्हणून. यांनी केली असती तर मला आनंद झाला असता. पण अशी नको. मागच्या वर्षी सोनलला ताप होता तेव्हा ज्यांनी यांची ड्यूटी उचलली, त्यांना आज वाटतंय की यांनी त्यांना विकलं."

"वाटू दे," नाना म्हणाले. "लोक विसरतात. नोकरी राहते. मला अनुभव आहे."

"वाचा," योगेंद्रने फोन पुढे केला. "हे विसरतील?"

नानांनी चष्मा लावला. 'बापाच्या नावावर ढकलू नका' हे वाक्य त्यांनी बहुधा दोन-तीनदा वाचलं, कारण फोन बराच वेळ त्यांच्या हातात राहिला. मग त्यांनी तो सतरंजीवर उलटा ठेवला. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली होती.

"सत्त्याण्णव सालनी गोट शे. आमन्या तुकड्या कमी व्हयन्यात. आम्ही सहा मास्तर अतिरिक्त. शिरपूर तालुकामा एकच जागा, संमती देवाले आठ दिननी मुदत. आम्ही ठरावं, कोनीच संमती देवानी नही, सहाजनस्ले आठेच ठेवा, नही ते कोनीच जावाव नही. आठेच ठरनं, या ओट्यावर. तोताराम मास्तरनी मन्हा हात धरीसन शब्द लिना." कुणी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. "दुसरा दिन पहिली यष्टी धरी मी धुळे गऊ. हापिस उघडाना पहिले दारशी उभा व्हतू. सही करी उनू."

"म्हंजे ती जागा..." नवल म्हणाला. शाळेची ती जागा म्हणजे दोघा भावांचं सगळं लहानपण होतं. त्याच पगारावर योगेंद्रचं शिक्षण झालं होतं.

"तोतारामले डोंगरमा आश्रमशाळावर धाडं. अकरा वरीस. शनिवारले घर, सोमवारले परत. मी मुख्याध्यापक व्हयनू. तो मन्हा सत्कारले बी उना, मांगे बसना, जेवन करी गया. काही बोलना नही."

प्रमिलाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. नवऱ्यापासून आपण काही लपवू शकलो नाही, याचं त्यांना नेहमी हसू यायचं. तो अठ्ठावीस वर्षं लपवू शकला, हे त्यांना आज कळत होतं.

योगेंद्रचा राग जागच्या जागी अडकला. बापावर चिडावं असं सगळं समोर होतं आणि चिडता येत नव्हतं. तो खाली बसला.

"नाना," तो म्हणाला, "माझ्या लिहिण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही बोलाल?"

"कोनशी?"

"सगळ्यांशी. यात आवाज भरायचा आणि पाठवायचा. पण त्यांच्यात केरळचे आहेत, पंजाबचे आहेत. हिंदीत बोलावं लागेल."

अडतीस वैमानिकांसमोर चूक कबूल करायची, तीही परक्या भाषेत आणि भाऊबंदकीच्या देखत. नवलला वाटलं, नाना उठून आत जातील. नानांनी टोपी सरळ केली. पुनमने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मेरा नाम झुलाल पाटील, सेवानिवृत्त मुख्याध्यापक," नानांनी सुरुवात केली. आवाज प्रार्थनेच्या वेळचा होता, मोठा आणि सावकाश. "मेरे लडके ने सही नहीं की है. मैंने झूठ बोला. उस को मालूम भी नहीं था. मैंने भी एक बार ऐसा ही सही किया था, सब को छोड के. मुझे जगह मिली. लेकिन मेरे मित्र का बहुत नुकसान हुआ. आप लोग मेरे जैसा मत करो. जिस ने सही कर दी, वो भी बुरा नहीं है, वो मेरी वजह से है. भूषण को कोई कुछ मत बोलना. धन्यवाद."

पुनमने बोट उचललं. निरोप गेला. नानांनी विचारलं, "गया का?" आणि गेला म्हटल्यावर उठून ओसरीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकटे जाऊन बसले.

*

साडेतीन ते सहा हा वेळ कसा गेला, हे त्या घरात कुणी नीट सांगू शकणार नाही. पुरणाच्या पोळ्या झाल्या, गंगाफळाची भाजी झाली, रोट भाजले गेले. योगेंद्र फोन उशीखाली ठेवून मांडवाचे खांब बांधत राहिला आणि दर दहा मिनिटांनी उशी उचलत राहिला. चार वाजता आठव्याने सही केली. साडेचारला नववा. मग पाच वाजेपर्यंत कुणीच नाही. दक्षिणेतल्या एका म्हाताऱ्या कॅप्टनने, जो कधीच काही लिहीत नसे, फक्त 'नमस्ते हेडमास्टरजी' असं लिहिलं.

पावणेसहाला पुनम त्याच्याजवळ आली.

"अजून पंधरा मिनिटं आहेत."

"तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण सही करू नका."

सहा वाजता आरती सुरू झाली. बायकांनी कानबाईची गाणी धरली, टाळ्या पडू लागल्या, सोनल आजीच्या पदराला धरून नाचत होती. योगेंद्र टाळ्या वाजवत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. सहा वाजून गेले. आता डावी खुर्चीही नाही आणि उजवीही नाही, ऑक्टोबरनंतर काय हे त्याला माहीत नव्हतं. मुलीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला.

सहा वीसला भूषणचा फोन आला. योगेंद्र मांडवाबाहेर गेला, नवल मागोमाग.

"सर, मेल बघितली?"

"नाही."

"मुदत वाढवली. बुधवारपर्यंत. आणि मंगळवारी यादीबद्दल बोलायला बोलावलंय, तुम्हाला आणि अजून दोघांना. नऊच सह्या झाल्या, सर. दिवसभराच्या पाळ्या धरल्या तर नऊ जणांवर त्यांची चार विमानं उडत नाहीत." मग त्याने हळूच विचारलं. "सर, माझी सही परत घेता येईल का?"

"ते पण मंगळवारी विचारतो," योगेंद्र म्हणाला. "तू जेवून घे."

नवलने भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला. घरात बातमी गेली, प्रमिलाबाईंनी कानबाईसमोर डोकं टेकलं, पुनम खांबाला टेकून रडली आणि लगेच पानं मांडायला लागली. कुणीतरी 'जिंकलो' म्हणालं. योगेंद्रने सांगितलं की अजून काही जिंकलेलं नाही, फक्त बोलायला तीन दिवस मिळालेत.

नाना कोपऱ्यातल्या खुर्चीवरच होते. योगेंद्र त्यांच्याजवळ गेला आणि खाली पायरीवर बसला. जवळ गेल्यावर त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, मुदत किती, सह्या किती, उरले किती.

"म्हंजे त्यास्ले माणसं पुरनात नही," नाना म्हणाले.

"हो."

"म्हनीसन मुदत वाढावी त्यास्नी."

"हो, नाना."

आत रोट वाढले जात होते. नवलने दारातून हाक मारली, दोघांची पानं मांडली आहेत म्हणून. नाना उठले नाहीत.

"योगेंद्र," ते म्हणाले, "आम्ही सहाजन थांबतूत, ते आमनी मुदत बी वाढती का रे?"